दुसरं पद शून्य नाही

बसचालकाने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, गणवेशाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर तो तळहाताने सपाट करू लागला. कागद पुन्हा पुन्हा घडीवर मिटत होता. शेवटी त्याने त्यावर टोपीच ठेवली. टोपीखाली प्रश्नच झाकला गेला हे लक्षात आलं, तेव्हा ती उचलून तो ओशाळं हसला.

"सर, एवढं सोडवून द्याल का?"

सरांनी चष्मा नाकावर चढवला. कॉलेजचा छापील होमवर्क होता. दोन टोकांना टेकलेली एक तुळई, तिच्या डाव्या अर्ध्या भागावर ओळीने बाण, म्हणजे वरून दाबणारा भार. खाली मजकूर होता: हा भार फूरिए मालिकेत मांडा आणि त्यावरून तुळई किती लवते ते काढा.

"कोणाचं आहे हे?"

"मुलीचं."

"मग मुलगी कुठे आहे?"

"घरी."

"आजारी आहे?"

चालकाने विचार केला. "हो म्हणता येईल. तसं नाहीही म्हणता येईल."

असली उत्तरं सरांना मुळीच खपत नसत. तुळया, खांब आणि पूल शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि तुळई एक तर उभी राहते नाहीतर पडते. कॉलेजात मुलं त्यांना पाठीमागे 'बिनचूक' म्हणत. नाव चिडवण्यासाठी ठेवलेलं होतं, पण सरांच्या कानावर आलं तेव्हा ते मनातून इतके सुखावले की घरी येऊन त्यांनी ते बायकोला तक्रारीच्या सुरात दोनदा सांगितलं. निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी मुलं अडलेली गणितं घेऊन यायची. सर समजावून सांगत. सोडवून मात्र कोणालाच देत नसत, अगदी सख्ख्या भाच्यालाही दिलं नव्हतं.

"मी दुसऱ्याचा होमवर्क करत नाही," ते म्हणाले. "मुलीला पाठवा."

"ती येत नाही ना सर. तिथेच तर घोडं अडलंय."

मग चालकाने टोपी हातात गोल फिरवत अडखळत सांगितलं. मुलगी शेवटच्या वर्षाला होती. हुशार होती, म्हणजे आहे. मागच्या परीक्षेत याच विषयाचा पेपर चालू असताना ती अर्ध्यातून उठली, घरी आली आणि खोलीत गेली. काय झालं ते सांगितलं नाही. रडली नाही, भांडली नाही. तेव्हापासून ती खोलीतच आहे. दारात ताट ठेवलं की आत घेते, रिकामं करून बाहेर ठेवते. विचारलं तर "काही नाही" म्हणते, आणि हल्ली तेवढंही म्हणत नाही. तिची मैत्रीण कॉलेजातून होमवर्कचे कागद आणून देते. टर्म संपेपर्यंत ते भरून दिले नाहीत तर कॉलेज तिचं नाव काढून टाकणार.

"तिचं नाव तिथे राहू दे, एवढंच माझं म्हणणं आहे," चालक म्हणाला. "उद्या तिला बाहेर यावंसं वाटलं आणि जायला जागाच नसली तर?"

स्वयंपाकघराच्या दारात सरांची बायको हातात फडकं घेऊन उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. सरांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"तरीही नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. मी फक्त शिकवतो."

"मग मला शिकवा," चालक म्हणाला.

सरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तो थट्टा करत नव्हता. ड्युटी सुटल्यावर रोज यायला तयार होता, आणि शाळेत गणितात अगदीच दगड नव्हतो असंही त्याने सांगून टाकलं.

तर असं ते शिकवणं सुरू झालं. सरांनी त्याला फूरिएचं मूळ सांगितलं. कसलाही आकार घ्या, तो साध्या गुळगुळीत लाटांची बेरीज करून उभा करता येतो. आधी एक मोठी लाट, तिच्यावर जरा छोटी, तिच्यावर आणखी छोटी. प्रत्येक लाट म्हणजे मालिकेतलं एक पद. जितकी पदं घ्याल तितका आकार नेमका होत जातो. चालक मान डोलवत ऐकायचा. मान इतकी लयीत डोलायची की सरांना आधी बरं वाटे आणि मग संशय येई.

"कळलं का?"

"हो सर. फक्त हे आडवं आठ काय आहे?"

"ते अनंत. म्हणजे पदं घेतच जायची, थांबायचं नाही."

"शेवटचा स्टॉपच नाही?"

"नाही."

चालक काळजीत पडला. "मग गाडी परत कशी आणायची?"

स्वयंपाकघरातून हसू फुटल्याचा आवाज आला. सरांनी घसा खाकरला. त्यांनी चालकाला समजावण्यासाठी म्हणून पहिली ओळ लिहिली, ती समजावी म्हणून दुसरी, आणि तासाभरात आख्खं गणित त्यांच्याच रेखीव अक्षरात, कडेला टिपांसकट, कागदावर उतरलेलं होतं. तत्त्व शाबूत आहे अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. चालकाने कागद दोन्ही हातांनी उचलला. मुलीच्या ताटाखाली तो ठेवायचं त्याने ठरवलं होतं. तिने नुसतं आपल्या अक्षरात उतरवून काढलं तरी काम भागणार होतं.

दुसऱ्या दिवशी कागद परत आला. त्यावर भांड्याचा गोल ओला डाग होता, बाकी काही नाही.

त्यानंतर सरांनी दुसरं गणित सोडवलं, मग तिसरं. प्रत्येक कागद ताटाखाली जायचा आणि डाग घेऊन परत यायचा. चालक दर वेळी "बघू, उद्या" म्हणायचा आणि सरांचं डोकं तापायचं. ज्या अक्षरासाठी मुलांनी वर्गात माना मोडेपर्यंत वह्या भरल्या, ते अक्षर आता ताटाखाली घालायच्या कामाचं उरलं होतं. आणि या माणसाला वाईट तरी कशाचं वाटतंय ते त्यांना समजेना. कागद तसेच परत येतात याचं, की मुलगी बोलत नाही याचं? दोन्ही एकच आहे का? सरांना या गोष्टी सुट्या करून मांडता येत नव्हत्या, आणि सुटं करून मांडता येत नाही ते त्यांना आवडत नसे.

"तुम्ही तिला रागावून का बघत नाही?" एकदा त्यांनी विचारलं.

"बघितलं ना."

"मग?"

"मलाच रडू आलं," चालक म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

मग एक दिवस तो वेळेच्या आधीच आला. गणवेश नव्हता, पायांत घरातल्या सपाता होत्या आणि दम लागलेला होता. त्याने काही न बोलता कागद पुढे केला. हा पहिल्याच गणिताचा कागद होता, अर्ध्या तुळईवरच्या भाराचा. मैत्रिणीने कॉलेजात द्यायला म्हणून मागितला होता, तेव्हा चालकाने आणखी एकदा, शेवटचं म्हणून, तो ताटाखाली सरकवून पाहिला होता.

सरांनी कागद हातात घेतला. त्यांच्या निळ्या शाईच्या मधोमध पेन्सिलीचं एक बारीक वर्तुळ होतं, आणि बाजूला लहान तिरकस अक्षरात लिहिलं होतं: अर्ध्याच तुळईवर भार आहे. दुसरं पद शून्य नाही.

"उतरवताना तुम्ही काहीतरी घोळ घातला असेल," सर लगेच म्हणाले.

"मी कुठे उतरवलं सर? हे तुमचंच अक्षर आहे."

होतंच. सर खाली बसले. पूर्ण तुळईवर सारखा भार असला की ती दोन्हीकडे सारखी लवते, आणि मग मालिकेतली दुसरं, चौथं, सहावं अशी सगळी सम पदं गळून पडतात. हे ते इतकी वर्षं सांगत आले होते की हात आपोआप चालला होता. पण इथे भार एकाच बाजूला होता. एका बाजूला जास्त लवलेली तुळई त्या दुसऱ्या पदाशिवाय कागदावर येऊच शकत नव्हती. चौथं पद गेलं असतं, दुसरं नाही. सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. हे वाक्य तोंडातून बाहेर काढायला त्यांना बराच त्रास झाला.

"हो सर!" चालक म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की सरांना तो अपमान मानावा की काय ते कळेना. "सर, तिने लिहिलं! किती दिवसांनी. पेन्सिल शोधली असेल, टोक केलं असेल. ताटात टरफलं होती पेन्सिलीची. मी टाकली नाहीत ती."

सरांची बायको बाहेर येऊन कागद बघून गेली, नवऱ्याकडे बघून गेली, आणि आत जाऊन इतकी हसली की तिला भांडी खाली ठेवावी लागली. परत आली तेव्हा तिचे डोळे पुसलेले होते, आणि पुसलेलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं.

चालक जायला उठला, दारापर्यंत गेला आणि तिथून वळला.

"सर, रागावणार नसाल तर एक विचारू? आणखी एक चूक कराल का?"

सरांनी पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं.

"करा की," बायको म्हणाली. "एवढं काय जड आहे त्यात? लोक रोज करतात."

सरांना ते जड होतं. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते कागद घेऊन बसले आणि त्यांना एकही चूक सुचेना. सात आठे चोपन्न लिहिलं आणि लाजून खोडलं. भागाकार उलटा केला, तर पुढचं सगळं इतकं हास्यास्पद झालं की कोणी शेंबडं पोरही फसलं नसतं. शेवटी त्यांनी मधल्या एका ओळीत अधिकच्या जागी उणे लिहिलं, ते पुढे नेटाने निभावून नेलं, आणि आपण कोणाच्या तरी खिशात हात घालतोय असं वाटत कागद चालकाच्या हवाली केला.

कागद पेन्सिलीच्या एकाही खुणेविना परत आला.

सरांनी पुढची चूक जास्त खोल पुरली. टोकाच्या आधाराची एक अट त्यांनी हळूच गाळली. हे पकडायला चांगलं डोकं लागलं असतं, आणि त्या मुलीकडे ते होतं. ती खूश होईल असं त्यांना मनापासून वाटलं.

या वेळी चालक आला तो बसलाच नाही. कागद त्याने टेबलावर ठेवला. डाग नव्हता, वर्तुळ नव्हतं, कागदाची मधोमध एक घट्ट घडी घातलेली होती.

"ताट पण तसंच परत आलं," तो म्हणाला. "हातसुद्धा नाही लावला."

"असं का?"

"तिला कळलं सर. पहिली तुमची होती, खरी. या दोन तिच्यासाठी घातलेल्या. ती लहान असताना मी पत्त्यांत मुद्दाम हरायचो, तेव्हा पत्ते टाकून उठून जायची." त्याने टोपी डोक्यावर ठेवली. "तुमचा काही दोष नाही. मीच तुम्हाला भरीला पाडलं. हा शेवटचा कागद मैत्रिणीने दिलाय, राहू दे इथेच. टर्म संपतच आली. मी आता नाही त्रास देणार."

तो गेला तरी सर टेबलाशीच होते. मुलीला त्यांनी पाहिलेलंही नव्हतं. तरी तिला आपण दुखावलं ही गोष्ट त्यांना दातात अडकलेल्या कणासारखी सलत राहिली. चूक केली तेव्हा ती बोलली. चूक दिली तेव्हा तिने जेवण सोडलं. कागदावर बघायला गेलं तर दोन्ही ठिकाणी चूकच.

"मला हे गणित कळत नाहीये," ते बायकोला म्हणाले.

"कोणतं?"

सरांनी टेबलावरच्या घडी घातलेल्या कागदाकडे बोट केलं आणि मागे घेतलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर त्यांनी तो शेवटचा कागद उघडला. तुळई तीच होती, डाव्या अर्ध्या भागावरच भार असलेली. प्रश्न मात्र आकडेमोडीचा नव्हता. भार जिथे एकदम संपतो त्या कडेपाशी मालिकेची बेरीज मूळ भारापेक्षा वर जाते, ती का? कितीही पदं वाढवली तरी ती उसळी का जात नाही? आणि तुळईला ती का जाणवत नाही?

सरांनी चष्मा काढून पुसला. ही उसळी त्यांच्या ओळखीची होती. दर वर्षी तिथे पोचल्यावर ते म्हणायचे, "असं होतं एवढं लक्षात ठेवा, ते का होतं हे परीक्षेला येत नाही," आणि मुलं हायसं वाटून पान उलटायची. पान त्यांनीही उलटलेलं होतं. तिसऱ्या भागाचं उत्तर त्यांना येत होतं. तुळई किती लवते ते काढताना बारीक लाटांना इतक्या मोठ्या आकड्याने भागलं जातं की त्या विरून जातात, तुळईपर्यंत पोचतच नाहीत. पण पहिले दोन भाग? त्यांनी पुस्तक काढलं. पुस्तकात लिहिलं होतं, 'असे सिद्ध करता येते.' कोणी, कधी, कसं, याबद्दल चकार शब्द नव्हता.

ते आकृत्या काढत बसले. थोडी पदं घेऊन काढली, जास्त घेऊन काढली. उसळी कडेच्या जवळ जवळ सरकत होती, अरुंद होत होती, पण उंचीला काही कमी होत नव्हती. त्यांनी एका बाजूने पकडायला जावं तर ती दुसऱ्या बाजूने निसटे. आणि ऐन कडेवर मालिका भार आहे असंही म्हणेना, नाही असंही म्हणेना, बरोबर मधलीच किंमत सांगे. टेबल कागदांनी भरलं. बायकोने जेवायला दोनदा हाक मारली आणि तिसऱ्यांदा ताटच आणून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं. त्या ताटाकडे सर जरा वेळ बघत राहिले.

"काय झालं?"

"काही नाही," सर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते ऐकून आणखी गोंधळले.

जेवण झाल्यावर त्यांनी एक कोरा कागद घेतला. जेवढं आलं तेवढं नीट, आकृत्यांसकट लिहिलं. जिथे अडलं तिथे पेन थांबलं. तिथे काहीतरी भारदस्त लिहून वेळ मारून नेता आली असती, पुस्तकाने तेच तर केलं होतं. बराच वेळ पेन हवेत धरून शेवटी त्यांनी लिहिलं: इथून पुढे मला येत नाही.

ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. आपल्याच अक्षरात ते फार विचित्र दिसत होतं.

चालक आता घरी येणार नव्हता, म्हणून सरच सपाता चढवून खाली उतरले आणि रस्त्यापलीकडच्या स्टॉपवर जाऊन उभे राहिले. दोन बस सोडल्या. तिसरी त्याची होती. ते पुढच्या दाराने चढले आणि कागद पुढे केला. मागून चढणारी माणसं खोळंबली.

"अहो आजोबा, आत सरका की," कोणीतरी म्हणालं.

चालकाने कागदाकडे पाहिलं, हातात घेतला नाही. "यात चूक घातलीय का सर?"

"नाही. घातलेली काहीच नाही. मला येत नाही तिथे येत नाही असं लिहिलंय."

"तुम्हाला येत नाही?"

"नाही."

चालक आरशात न बघता त्यांच्याकडेच बघत राहिला, मागचा हॉर्न वाजेपर्यंत. मग त्याने कागद शर्टाच्या आत सरकवला.

त्या संध्याकाळी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सर पेपर वाचत होते, म्हणजे पेपर त्यांच्या हातात होता. बस थांबल्याचा आवाज आला की मान खिडकीकडे वळायची.

"मान लचकेल," बायको म्हणाली.

"मी कुठे काय बघतोय?"

"काही नाही. कुंड्याच बघत असाल माझ्या."

खिडकीबाहेरच्या गॅलरीत तिच्या कुंड्या ओळीने होत्या. वाऱ्याने रोपं मोडू नयेत म्हणून त्यांच्या मागे एक फळा आडवा टेकवून ठेवलेला होता. सर कॉलेज सोडताना तो घरी घेऊन आले होते, आणि मुलं टेबलाशीच बसतात, फळ्याची गरज लागत नाही, हे समजल्यावर बायकोने त्याला कामाला लावलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर बुटांचा धडधडाट झाला. दारात चालक उभा होता, अंगावर पूर्ण गणवेश, एका हातात बसच्या चाव्या, आणि चेहरा असा की चांगली बातमी आणलीय की वाईट ते त्याचं त्यालाच ठरवता येत नसावं.

"सर, मला काही समजेनासं झालंय."

"कागद परत आला?"

"नाही आला. दोन दिवस आतच होता. ताट मात्र रिकामं यायचं. मी काही विचारलं नाही. आज सकाळी मी बूट घालत होतो, तर ती दारात येऊन उभी. खोलीच्या दारात. हातात तुमचा कागद." त्याने श्वास घेतला. "म्हणाली, 'हे कोणी लिहिलं?' मी म्हटलं, सरांनी. म्हणाली, 'बिनचूक सरांनी?' म्हटलं, हो, तेच. म्हणाली, 'त्यांना खरंच येत नाही?'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, चेहऱ्यावरून तरी येत नाही असं दिसलं."

बायकोने तोंडाला पदर लावला.

"मी एकच बूट घालून तसाच बसलो होतो, दुसरा घालावा की नको कळेना. मग म्हणाली, 'पेपरात हेच होतं. मला येत होतं, पण लिहिता येईना. हे कागदावर सांगताच येत नाही. एक लाट काढायची, पुसायची, दुसरी काढायची. पुसताना दिसतं ते.'" चालकाने चाव्या या हातातून त्या हातात घेतल्या. "यातलं मला काय कळणार? तुम्हाला कळतंय का?"

"थोडं थोडं," सर म्हणाले. खरं तर त्यांनाही कळलं नव्हतं, पण पुसताना दिसतं हे शब्द त्यांनी मनात पुन्हा म्हणून पाहिले होते.

"तर तिने विचारलंय..." चालक थांबला, हे बोलणं फार मोठं आहे की अगदीच क्षुल्लक, अशा पेचात पडल्यासारखा. "तुमच्याकडे फळा आहे का?"

सर उठून उभे राहिले. "आहे. आहे ना! कधी येणार आहे ती?"

"खाली आहे."

"कुठे खाली?"

"बसमध्ये. माझ्या मागच्याच सीटवर, खिडकीशी. सकाळपासून तिथेच बसलीय, फेऱ्या चालल्यात आमच्या. फळा असेल तर वर येईन म्हणाली. नसेल तर याच फेरीने घरी जाते म्हणाली. सर, गाडी सुटायची वेळ झालीय हो."

"तिला सांगा, आहे म्हणून. जा, पळा!"

चालक पळाला. सर गॅलरीत गेले आणि एक कुंडी उचलून दुसऱ्या कुंडीवर आदळली.

"अहो, माझी रोपं!" बायको ओरडली, आणि मग तिनेच दुसऱ्या बाजूने फळा धरला. दोघांनी मिळून तो तिरका करत आत आणला. खालच्या कडेला चिखल वाळलेला होता, मधोमध शेवाळाचा हिरवा पट्टा उठला होता. ती ओलं फडकं घेऊन आली. सर वरून पुसत होते, ती खालून. खिडकीतून त्यांनी एकदा वाकून पाहिलं. बस उभी होती, आत माणसं चुळबुळत होती, आणि चालक पुढच्या दाराशी उभा राहून आत कोणाशी तरी बोलत होता. खिडकीच्या काचेवर उन्हाची तिरीप होती, त्यामुळे पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"खडू?" बायको म्हणाली.

सरांनी टेबलाचा खालचा खण पार उपसला. तळाशी एक तुकडा सापडला, बोटाच्या पेराएवढा. तो त्यांनी फळ्याच्या कडेवर ठेवला. फळा टेबलासमोर भिंतीला टेकवून उभा केला होता, ठिगळा-ठिगळाने वाळत होता.

खाली बसने हॉर्न दिला. इंजिन सुरू झालं. सर जागच्या जागी थांबले. बस निघाली, वळली, आवाज लांब गेला, आणि रस्ता रिकामा झाला.

बायको त्यांच्याकडे बघत होती. सरांनी फळ्याच्या कडेवरचा खडू सरळ केला.

मग जिन्यावर पावलं ऐकू आली. बुटांची नव्हती. हलकी होती, दोन पायऱ्या चढून थांबणारी, पुन्हा एक चढणारी. सरांनी टेबलामागची आपली खुर्ची उचलली, वळसा घालून समोर, मुलं बसतात त्या बाजूला नेऊन ठेवली, आणि फळ्याकडे तोंड करून बसले.